लाईनवरचा माणूस कोणाच्या हजेरीपटावर?

कोरमंगलात एप्रिल-मेमध्ये वळवाचा पाऊस आला की झाडं पडतात आणि झाडांबरोबर तारा. दहा मिनिटांत 1912 वर तक्रारी सुरू होतात आणि त्याच दहा मिनिटांत मोठ्या इमारतींचे जनरेटर धडधडू लागतात. 2007 साली फ्लिपकार्ट याच भागातल्या एका फ्लॅटमध्ये सुरू झाली. तेव्हापासून वाढत गेलेली ही स्टार्टअपवाल्यांची वस्ती अंधारात बसायला तयार नसते. जनरेटरची एक गोष्ट मात्र इथल्या फार थोड्या लोकांना माहीत असते. चेंजओव्हर स्विच नीट बसवलेला नसेल तर जनरेटरची वीज इमारतीतून उलटी रस्त्यावरच्या लाईनीत शिरते, ट्रान्सफॉर्मरपर्यंत पोचते, आणि चारशे व्होल्टची वीज तिथून पलीकडे अकरा हजारांची होऊ शकते. वरून लाईन बंद करून, ती बंद आहे या भरवशावर चढलेल्या माणसाला ती गाठते. आपल्याकडचे वायरमन याला 'रिटर्न सप्लाय' म्हणतात.

यावर उपाय आहे आणि तो स्वस्त आहे. कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंना डिस्चार्ज रॉड लावून तारा जमिनीशी जोडून घ्यायच्या, मगच हात लावायचा. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे 2010 चे सुरक्षा विनियम आणि त्यांची जागा घेणारे 2023 चे विनियम हातमोजे, रबरी बूट, सेफ्टी बेल्ट, हेल्मेट, अर्थिंगची साधनं आणि टेस्टर पुरवणं बंधनकारक करतात. कागदावर काही कमी नाही. प्रश्न असा आहे की हा कागद ज्याला ओळखतो तो माणूस आणि खांबावर चढलेला माणूस एकच असतो का.

बेंगळुरूत कायम लाईन कर्मचाऱ्याला 'पवरमन' म्हणतात. त्याच्यासोबत किंवा त्याच्याऐवजी ठेकेदाराची पोरं असतात. त्यातला एकजण निपाणीकडचा निघाला, म्हणून आमचं बोलणं मराठीत झालं. एका ठेकेदाराकडे तो झाडं छाटण्यापासून तार ओढण्यापर्यंत सगळं करतो. त्याने मला सांगितलेली गोष्ट माझ्या वहीत तशीच आहे. "ताई, एलसी आमच्या नावावर निघत नाही. चढायलोय आम्ही, सही दुसऱ्याची." एलसी म्हणजे लाईन क्लिअर, आपल्याकडचं परमिट. ते अधिकृत कर्मचाऱ्याच्या नावावरच द्यायचं असतं आणि तो नियम सुरक्षेसाठीच आहे. पण अनधिकृत माणसाला वर चढवलं की त्याचा अर्थ उलटा होतो. अपघात झालाच तर पहिला प्रश्न मेलेल्याला विचारला जातो: तुला अधिकार नव्हता, मग चढलास कशाला?

जातीच्या अंगाने या कामाकडे पाहताना एक घोळ टाळायला हवा. लाईनमनचं काम मैला उपसण्यासारखं जन्माने लादलेलं काम नाही. उलट कित्येक दलित-बहुजन घरांत ते पहिल्या पिढीने कमावलेलं काम आहे. 'एमएसईबीत लागला' या दोन शब्दांना आमच्या वस्त्यांमध्ये वजन होतं. आयटीआय केलेला पोरगा, सरकारी पगार, खाकी कपडे, कमरेला पक्कड. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ज्या वाड्याच्या उंबऱ्यावर त्याच्या आज्याला थांबवलं जायचं, त्या वाड्याच्या छपरावर हा माणूस हक्काने चढायचा आणि बिल थकलं तर त्याच वाड्याची वीज तोडायचा. वसुलीच्या मोहिमेत वायरमनला मारहाण झाल्याच्या बातम्या महाराष्ट्रात सतत येतात. त्या सगळ्यांमागे जात असते असं मी म्हणत नाही. पण वीज तोडणाऱ्या माणसाचं आडनाव ऐकून राग दुप्पट होतो, हे गावात राहिलेल्या कोणालाही सांगायला लागू नये.

ही नोकरी आकाशातून पडलेली नव्हती. 1942 ते 1946 या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रमसदस्य होते आणि वीज हा विषय त्यांच्याच खात्यात होता. 25 ऑक्टोबर 1943 ला विद्युत धोरण समितीसमोर त्यांनी स्वस्त आणि मुबलक विजेची बाजू मांडली, ती या देशातलं दारिद्र्य हटवण्यासाठी. पुढच्या वर्षी केंद्रीय तांत्रिक विद्युत मंडळ उभं राहिलं. 1948 च्या वीजपुरवठा कायद्याने राज्य वीज मंडळांचा पाया घातला. सार्वजनिक मालकीची मंडळं आणि त्यांतलं संविधानाचं आरक्षण, या दोन्हींच्या जोडीतून आपला वायरमन उभा राहिला.

मंडळं मोडली गेली. कर्नाटकात 1999 साली वीज मंडळाची कंपनी झाली आणि 2002 मध्ये बेंगळुरूसाठी बेसकॉम वेगळी निघाली. महाराष्ट्रात 2005 मध्ये महावितरण आली. कायम भरती पूर्ण थांबलेली नाही. कर्नाटकात 2024 मध्ये कनिष्ठ पवरमनची मोठी जाहिरात निघाली आणि गावोगावची पोरं आठ मीटरच्या खांबावर चढण्याचा सराव करत होती. पण दोन भरतींमधली वर्षं ठेकेदार भरून काढतो, आणि ठेकेदाराकडे बिंदूनामावली नसते.

न्यायालयाचा दरवाजाही बराच काळ बंद होता. 2006 चा उमादेवी निकाल कर्नाटकातल्याच रोजंदारी कर्मचाऱ्यांच्या प्रकरणातला. तात्पुरत्या नेमणुकीतून कायम होण्याचा हक्क मिळत नाही, असं घटनापीठाने सांगितलं. त्यामागे समान संधीचं तत्त्व होतं, मागच्या दाराने भरती नको हे होतं. व्यवहारात मात्र सरकारांनी मागचं दार उघडंच ठेवलं आणि आत आलेल्यांना कायम करायची वेळ आली की उमादेवी पुढे केला. डिसेंबर 2024 च्या जग्गो निकालात सर्वोच्च न्यायालयाने या गैरवापरावर बोट ठेवलं, ही चांगली गोष्ट झाली.

कर्नाटक सरकारने मे 2024 मध्ये बाह्यस्रोत नेमणुकांमध्येही आरक्षण पाळण्याचा आदेश काढला. महाराष्ट्रात त्याच्या आधीच्या वर्षी कंत्राटी भरतीचा जीआर आंदोलनामुळे मागे घ्यावा लागला होता, तेव्हा शेजारच्या राज्याचा हा आदेश आपण स्वागतार्हच मानला पाहिजे. तरी त्यात भोक आहे. वीसपेक्षा कमी माणसांचा ठेका त्यातून सुटतो. शिवाय असा आदेश माणसं पुरवण्याच्या ठेक्याला लागू होतो, तर खांब उभारणं, केबल गाडणं, तारा बदलणं हा 'कामाचा' ठेका असतो. त्यात किती मीटर केबल हे लिहिलेलं असतं, माणसं कोण ते नसतं. निपाणीचा तो पोरगा या दुसऱ्या ठेक्यात मोडतो. त्याला आरक्षण नाही, एलसी नाही, रॉडही बहुतेक वेळा नाही.

19 नोव्हेंबर 2023 ला पहाटे बेंगळुरूतच होप फार्मजवळ पदपथावर तुटून पडलेल्या जिवंत तारेने एक तरुण आई आणि तिची नऊ महिन्यांची मुलगी मेली. शहर हादरलं. अभियंत्यांसह कर्मचारी निलंबित झाले, गुन्हे दाखल झाले, आणि व्हायलाच हवे होते. पण तीच तार जोडायला गेलेला माणूस मेला असता तर आतल्या पानावर चार ओळी आल्या असत्या आणि त्यात 'निष्काळजीपणा' हा शब्द त्याच्याबद्दल वापरला गेला असता.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत 2021 साली विजेच्या धक्क्याने साडेबारा हजारांच्या आसपास मृत्यू नोंदले आहेत. त्या तक्त्यात राज्य दिसतं, वय दिसतं, स्त्री-पुरुष दिसतं. त्यात लाईनवर काम करणारे किती, त्यांतले ठेक्यावरचे किती आणि अनुसूचित जाती-जमातींचे किती, हे दिसत नाही. गटारातल्या मृत्यूंचंही असंच होतं. सफाई कर्मचारी आंदोलनाने वर्षानुवर्षं स्वतः याद्या केल्या, तेव्हा 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दहा लाखांची भरपाई ठरवली आणि 2023 मध्ये ती तीस लाख झाली. वीज कामगारांच्या मोठ्या संघटना खासगीकरणाविरुद्ध जोरात लढतात. जानेवारी 2023 चा महाराष्ट्रातला संप सरकारला एका दिवसात टेबलावर घेऊन आला. पण ठेक्यावरच्या मृतांची यादी त्यांच्याही कार्यालयात सहजी मिळत नाही, आणि हे आपल्या माणसांना बोलून दाखवायला हवं.

ठेकेदाराच्या मजुराला भरपाई देण्याची जबाबदारी मूळ मालकावरही असते, हे 1923 च्या भरपाई कायद्यातच होतं. त्यासाठी मजूर त्या दिवशी त्या खांबावर होता हे सिद्ध करावं लागतं. म्हणून एलसीच्या कागदावर सही करणाऱ्याखाली आणखी एक रकाना हवा: प्रत्यक्ष चढलेल्या प्रत्येकाचं नाव आणि त्याचा मालक कोण. अपघात अहवालात नेमणुकीचा प्रकार आणि सामाजिक प्रवर्ग हे दोन रकाने हवेत. महावितरण आपल्या लाईन कर्मचाऱ्यांना 'जनमित्र' म्हणते, आणि 4 मार्चला देशभर लाईनमन दिवस साजरा होतो, शाल-श्रीफळ होतं. येत्या 4 मार्चला वर्षभरात गेलेल्यांची, ठेक्यावरच्यांसकट, पूर्ण यादी प्रत्येक वीज कंपनीने जाहीर करावी, अशी मागणी कोरमंगलाच्या विभागीय कार्यालयापासून बीडच्या उपविभागापर्यंत कुठेही अर्जाने करता येते.