या वयात कशाला?

सुट्टीत गावी गेलो म्हणजे आपण आईसाठी स्वेटर, चष्मा आणि औषधाच्या गोळ्या नेतो. गुडघ्यांची विचारपूस होते, रक्तदाबाची होते. स्तनातील गाठीची मात्र होत नाही. मुलाने विचारायचे नाही आणि आईने सांगायचे नाही, असा घरोघरी एक अलिखित करार आहे. त्याची किंमत एकट्या आईला द्यावी लागते.

माझी एक आत्या बार्शी तालुक्यातील खेड्यात राहत असे, दुसरी दादरला. पहिलीने गाठ दोन वर्षे पदराआड ठेवली. कारण ती दुखत नव्हती. दुसरीने दीड वर्ष लपविली. कारण सुनेची नोकरी आणि नातवाची परीक्षा. एकीला रुग्णालय दूर होते, दुसरीला हाकेच्या अंतरावर. उशीर दोघींनाही झाला, आणि दोघीही गेल्या. दोघींच्या तोंडी वाक्य एकच होते : "आता या वयात कशाला?" आणि आम्ही पदवीधर भाच्यांनी ते समंजसपणाचे मानले!

हे वाक्य सरळसरळ खोटे आहे. वय वाढते तसा या रोगाचा धोका वाढतो, आणि आरंभीची गाठ बहुधा दुखत नाही. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या गरीब वस्त्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांवर एक दीर्घ प्रयोग केला. निम्म्या वस्त्यांत, डॉक्टर नसलेल्या पण शिकवून तयार केलेल्या स्त्रियांनी दर दोन वर्षांनी केवळ हाताने तपासणी केली. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत मृत्यूंत लक्षणीय घट दिसली नाही. पन्नाशी ओलांडलेल्यांत या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. म्हणजे ज्या वयात आपण "कशाला?" म्हणतो, त्याच वयात तपासणीचे चीज होते.

कोणी म्हणेल, हा शहराचा रोग. १९८७ पासून बार्शीला ग्रामीण कर्करोगाची नोंद ठेवली जाते, आणि खेड्यातील प्रमाण शहराहून कमी, हे खरेच. पण प्रमाण कमी म्हणून ज्या बाईला गाठ झाली तिचे मरण सोपे होत नाही. शिवाय हाताच्या तपासणीला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही. ती उपकेंद्रातही होऊ शकते.

सरकारचीही बाजू तपासू. आपण त्याचेच नोकर आहोत. २०१६ च्या मार्गदर्शिकेने तपासणीसाठी तीस ते पासष्ट ही वयोमर्यादा आखली. पासष्टाव्या वाढदिवसानंतर गाठ होत नाही, असा नियम कोणत्या पुस्तकात आहे? २०२४ साली सत्तरीपुढील सर्वांना आयुष्मान विम्याचे संरक्षण मिळाले, हे उत्तम झाले. परंतु विमा रुग्णालयात दाखल झाल्यावर कामास येतो. गाठ शोधून काढणे हे त्याचे काम नव्हे.

आणि आपण? कार्डावर आईचे नाव चढविले की कर्तव्य संपले, अशी आपली समजूत. कागद महिनाभर टेबलावर पडून राहिला तर आपल्याला खुलासा द्यावा लागतो; आईची गाठ दोन वर्षे पडून राहते, तेव्हा खुलासा कोणी मागत नाही.

पुढच्या रजेत लाज थोडी बाजूला ठेवावी. स्वतः बोलवत नसेल तर पत्नीने, बहिणीने विचारावे. पण विचारावे, आणि तिला तपासणीला घेऊन जावे. ती म्हणेलच, "या वयात कशाला?" तेव्हा सांगावे : "या वयात, म्हणूनच."