ओवीचा गुन्हा

मांडवीकाठचे आमोणे १७३६ साली पोर्तुगीज अंमलाबाहेर होते. तेथे लग्नात ओवी गाण्यास बंदी नव्हती. जवळच्याच तिसवाडीत मात्र त्याच वर्षी इन्क्विझिशनचा जाहीरनामा लागू झाला. ख्रिस्ती झालेल्यांनी लग्नात ओव्या गाऊ नयेत, दारी तुळस लावू नये, भात मिठावाचून शिजवू नये!

वास्तविक फादर स्टीफन्स यांनी गोव्याला ख्रिस्ताची करुणा सांगितली ती मराठी ओवीतूनच. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोल येथे छापले गेले. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात संत पौलाचाही आग्रह हाच, की नियम पाळून कोणी तरत नाही. तरतो तो कृपेने. यहुदी रीतींचे ओझे त्याने परक्यांच्या माथी मारू दिले नाही. जाहीरनाम्याने मात्र श्रद्धा मिठावरून तोलली.

मी दरबारी गवयाचा मुलगा व गाण्याचा शिक्षक. शिस्तीवाचून सूर लागत नाही, हे मी रोज पाहतो. परंतु शिस्त गाण्यासाठी असते. सोवळेओवळे मोजणाऱ्या आपल्या घरांनीही या जाहीरनाम्याला हसू नये. इन्क्विझिशन १८१२ साली कायमचे उठले. धर्माच्या नावाने नवा नियम घालताना एवढेच पाहावे, की त्यापायी कोणाच्या घरचे गाणे बंद पडते.