पिशवी काढून हा त्रास जात नसतो

पूर्व भागात विड्या वळणाऱ्या एका ताईंनी मला सांगितलं, "दादा, महिन्यातले आठ दिवस मी माझी नसते बघा. पोरांना मारते, मग त्यांच्याच उशाशी बसून रडते. जीव द्यावा वाटतंय. पाळी आली की दोन-तीन दिवसांत सगळं शांत." घरच्यांनी आधी देवऋषी केला. मग एका डॉक्टरने सांगितलं, पिशवी काढून टाका. पैसे जमले नाहीत म्हणून ते राहिलं. बरंच झालं म्हणायचं!

या त्रासाला नाव आहे : प्रीमेन्स्ट्रुअल डिस्फोरिक डिसऑर्डर, थोडक्यात पीएमडीडी. २०१३ साली अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने त्याला स्वतंत्र आजाराचा दर्जा दिला. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतही तो आला. पाळीआधी थोडी चिडचिड अनेकींना होते, ती वेगळी. हा शंभरात दोन-चार जणींना होणारा आजार आहे. यात हार्मोन्सच्या तपासण्या बहुधा नॉर्मल येतात. पण हार्मोन्सचा दर महिन्याचा चढउतार मेंदूला सोसत नाही.

आणि तो चढउतार होतो अंडाशयातून, गर्भाशयातून नव्हे. नुसती पिशवी काढली तर पाळी थांबते, त्रास राहतो. उलट तो कधी येणार याची खूणच जाते.

हे सांगायचं कारण, पिशवी काढणं आपल्याकडे फार स्वस्त झालंय. शेजारच्या बीडमध्ये २०१९ च्या सरकारी पाहणीत ८२ हजार ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांवर जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यांची कारणं वेगळी होती. अंगावरचं जाणं, दुखणं, खाड्याची भीती. पण बाईची कुठलीही तक्रार असो, उत्तर एकच, ही सवय तीच.

आम्ही पुरुषही कमी नाही. बाई चिडली की "तारीख जवळ आली वाटतं" हा विनोद आमच्या ऑफिसात चालायचा, मीही हसलोय. नवरा पिऊन येतो, मजुरी थकलीय, म्हणून बाई चिडली तर तो आजार नव्हे. तो राग रास्तच आहे.

मग ओळखायचं कसं? कालनिर्णयवर दुधाचा हिशोब लिहितो तिथंच रोज एक शब्द लिहायचा : बरं, चिडचिड, रडू. पाळीची तारीखही. सलग दोन महिने. त्रास फक्त पाळीआधीच येतो की महिनाभर असतो, हे त्यातून दिसतं. महिनाभर असेल तर दुखणं वेगळं. ते पान घेऊन सिव्हिलच्या मानसोपचार विभागात जायचं. गोळ्या आहेत. काहींना महिन्यातले शेवटचे दोन आठवडेच घ्याव्या लागतात. ताईंचा सध्या दुसरा महिना चालू आहे.

मात्र जीव द्यावासा वाटत असेल तर दोन महिने थांबू नका. १४४१६ ला फोन लावा. टेली-मानस, सरकारी आहे, फुकट आहे, रात्रीसुद्धा उचलतात आणि मराठीत बोलतात.