निर्मिती आणि निर्मात्याचे मन

मराठी समीक्षेने विरेचनाचा विचार केला तो मुख्यतः रसिकाच्या बाजूने; निर्मात्याच्या मनाचे काय होते, हा प्रश्न बहुधा चरित्रकारांवर सोपविला गेला. तो आता विज्ञानाने हाती घेतला आहे. फिलाडेल्फियातील ड्रेक्सेल विद्यापीठाच्या २०१६ मधील अभ्यासात ३९ प्रौढांनी ४५ मिनिटे कलाकृती घडविल्या. सुमारे तीन-चतुर्थांश व्यक्तींच्या लाळेतील कॉर्टिसॉल हे ताणाशी निगडित संप्रेरक घटले. कलेचा पूर्वानुभव असो वा नसो, फारसा फरक पडला नाही.

निष्कर्ष स्वागतार्ह खरा. पण तेवढ्यावरून कलेला औषधाची मात्रा ठरविणे उतावीळपणाचे होय. घाटकोपरच्या चिरागनगरातील झोपडीत राहणाऱ्या अण्णा भाऊ साठे यांनी वारणेचे खोरे ‘फकिरा’त (१९५९) पुन्हा उभे केले. मागे राहिलेला मुलूख आणि तेथील मानी माणसे शब्दांत घडविताना त्यांच्या मनाला मिळालेले बळ त्या कादंबरीच्या ताठ सुरातच जाणवते. त्याला विश्रांती म्हणता येणार नाही. तो ताण पेलण्याचाच एक प्रकार होता. ‘फकिरा’ला राज्य पुरस्कार लाभला, तरी दारिद्र्य हटले नाही, १९६९ मध्ये, वयाच्या अवघ्या ४८व्या वर्षी अण्णा भाऊ गेले. लेखणीने मन सावरले असेल, परंतु भाकरीची आणि औषधपाण्याची जबाबदारीही तिच्यावरच कोणी टाकली, हे लाळेच्या तपासणीतून कळणारे नाही.