तासाला तास: पैशावाचूनच्या देवाणघेवाणीचा पहिला नियम

अकोल्यात मी संगणकशास्त्र शिकवते. यंदा शेवटच्या वर्षाच्या मुलांच्या एका गटानं प्रकल्प म्हणून एक संकेतस्थळ करायला घेतलं आहे. गावातल्या माणसांनी एकमेकांची कामं पैशावाचून करायची आणि त्याची नोंद तिथं ठेवायची. कोणी निंदणाला जाईल, कोणी ब्लाउज शिवून देईल, कोणी पोरांची शिकवणी घेईल, कोणी पीकविम्याचा अर्ज भरून देईल. कल्पना चांगली आहे आणि वऱ्हाडाला तिची गरज आहे. मुलांनी मला ते मोबाइलवर चालवून दाखवलं. मधे एक रकाना होता: ‘तुमच्या कामाचा दर’. आपल्या तासाला किती गुण हवेत ते ज्यानं त्यानं भरायचं. चाचणीसाठी मुलांनीच भरलेल्या नोंदीत ट्रॅक्टरवाल्याच्या तासाला दहा गुण होते आणि निंदणाऱ्या बाईच्या तासाला दोन.

मुलांनी हे आकडे मुद्दाम भरले नव्हते. बाजारात जे दिसतं तेच त्यांनी उतरवलं. पण पैसा बाजूला ठेवून काही नवं उभारायचं आणि त्यात बाजाराचीच उतरंड कायम ठेवायची, तर मग एवढा खटाटोप कशाला? हा रकाना काढून टाकावा, असं माझं स्पष्ट मत आहे. तास म्हणजे तास. तो बाईचा असो की पुरुषाचा, शेतातला असो की संगणकावरचा.

हे काही परदेशातून आणलेलं तत्त्व नाही. माझं माहेर दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यातलं. तिथं उन्हाळा लागला की शेवया, कुरडया, पापड, सरगुंडे घरोघरी होतात आणि एकटीच्यानं ते होत नाहीत. कुरडईचा चीक हाटायला दोघी लागतात, सोऱ्या दाबायला मनगटात जोर लागतो, खाटेवर धुतलेलं धोतर अंथरून कुरडया घालायला आणखी दोघी. ऊन चढायच्या आत सगळं उरकलं पाहिजे. काम झालं की हात धुता धुता एखादी सांगून जाते, ‘आज तुह्या घरचं झालं, परवा माह्या घरी हाय. येजो बरं.’ आणि परवा बाई जातेच. न जाणारीच्या अंगणात पुढच्या वर्षी कोणी फिरकत नाही. या व्यवहारात चीक हाटणारीची सकाळ मोलाची की सोऱ्या दाबणारीची, असा प्रश्न कधी कोणाच्या तोंडी आलेला मी ऐकला नाही. एक सकाळ दिली, एक सकाळ मिळाली.

पुरुषांच्या बाजूला सावड होती, इर्जिक होती. दोघांकडे एकेक बैल असला की जोडी व्हायची आणि दोन्ही वावरं पेरून निघायची. पण त्या रीतीतला एक दोष झाकून चालणार नाही. तिथं शिरायला बैल लागायचा, वावर लागायचं. ज्याच्याकडे दोन्ही नाही तो सावडीत नसायचा, तो रोजानं जायचा.

या रीती मागे का पडल्या, याचं उत्तर वऱ्हाडाच्या इतिहासात आहे. १८५३ साली निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हाती दिलं. सारा रोखीनं भरायचा झाला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस थांबला आणि इंग्लंडच्या गिरण्यांची नजर आपल्या काळ्या मातीवर आली. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोचली. कापूस रोख पीक झाला, तसं कामही रोखीचं झालं. बी, निंदण, वेचणी, सगळ्याला पैसा लागू लागला आणि पैसा नसला की सावकार.

तरीही पैशाआधीचं गाव सुखाचं होतं, असं म्हणणाऱ्यांच्या रांगेत मी उभी राहणार नाही. बलुतेदारीतही पैसा नव्हता. सुगीला खळ्यावर धान्य मिळायचं, पण कोणाला किती आणि कोणाला शेवटी, हे जातीनं ठरायचं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक मांडलं, ते या व्यवस्थेच्या मुळावरच घाव घालणारं होतं. रात्री-अपरात्री केव्हाही हाक आली की धावायचं, घरच्या सगळ्यांनी राबायचं आणि बदल्यात तुटपुंजी जमीन नि बलुतं. तिथं माणसाच्या तासाला मोजमापच नव्हतं. म्हणून पैसा वगळला की न्याय आपोआप येतो, हा भ्रम संकेतस्थळ बांधणाऱ्यांनी आधी सोडावा. न्याय नियमात लिहावा लागतो.

जगात असे प्रयोग पुष्कळ झाले आणि त्यांत दोन वाटा स्पष्ट दिसतात. १९८३ मध्ये कॅनडातल्या कोमॉक्स खोऱ्यात मायकेल लिंटन यांनी ‘लेट्स’ नावाची पद्धत सुरू केली. हिशेब ‘हिरव्या डॉलर’मध्ये ठेवला आणि त्याचं मोल कॅनडाच्या डॉलरएवढं धरलं. दर दोघांनी मिळून ठरवायचा. त्यामुळे बाजारात ज्याचा तास महाग, त्याचा तिथंही महाग. दुसरी वाट जपानमधली. १९७३ मध्ये ओसाकात तेरुको मिझुशिमा या बाईंनी श्रमबँक काढली. सभासद बहुतेक गृहिणी. आजाऱ्याची देखभाल, मुलं सांभाळणं, स्वयंपाक, शिवण, सगळ्याचा हिशेब तासांत आणि सगळे तास सारखे. पुढे १९८०च्या दशकात अमेरिकेत एडगर कान या वकिलांनी हीच कल्पना ‘टाइम डॉलर’ म्हणून मांडली. आपली वाट ओसाकाची असावी, असं मला वाटतं. ज्या कामाला बाजारात भाव नाही किंवा कमी आहे, ते करणाऱ्या बाईला यात पहिल्यांदा बरोबरीनं उभं राहता येतं.

संकेतस्थळाच्या बांधणीसाठी मात्र मी मुलांना केपटाऊनकडे बघायला सांगते. वर्णभेदी राजवटीनं तुरुंगात टाकलेला टिम जेनकिन १९७९ मध्ये लाकडी किल्ल्या बनवून प्रिटोरियाच्या तुरुंगातून निसटला. त्याच माणसानं २००३ मध्ये केपटाऊनमध्ये ‘कम्युनिटी एक्सचेंज सिस्टम’ उभी केली आणि ती पुढे अनेक देशांतल्या गटांनी वापरली. तिचं गणित आठवीतल्या पोरालाही कळेल. प्रत्येकाचं खातं शून्यापासून सुरू. काम देणाऱ्याच्या खात्यात अधिक, घेणाऱ्याच्या खात्यात तेवढंच उणे. सगळ्या खात्यांची बेरीज कायम शून्य. नोट नाही, व्याज नाही, साठेबाजीला अर्थ नाही.

याउलट अर्जेंटिनात काय झालं तेही ध्यानात ठेवावं. १९९५ मध्ये ब्युनोस आयर्सजवळच्या बर्नाल गावात सुरू झालेल्या अदलाबदल मंडळांनी २००१-०२च्या मंदीत लाखो लोकांना आधार दिला. पण तिथं कागदी चिठ्ठ्या चालत. चिठ्ठ्या भरमसाठ छापल्या गेल्या, खोट्या घुसल्या, आणि डोलारा भराभर कोसळला. त्यातून धडा एवढाच: चिठ्ठी छापायची नाही, नोंद ठेवायची आणि उणे खात्याला मर्यादा घालायची.

आता आक्षेप. पहिला ट्रॅक्टरवाल्याचा: डिझेल लागतं, बँकेचा हप्ता असतो. बरोबर आहे. डिझेल आणि यंत्राची झीज रोखीनं द्यावी, कारण ती पंपावर नि बँकेत रोखीनंच भरावी लागते. चालवणाऱ्याचा तास मात्र तास. दुसरा आक्षेप शिकलेल्यांचा: अर्ज भरायला शिकण्यात आम्ही वर्षं घातली. त्यांनी जुलैच्या उघडिपीत एकदा पऱ्हाटीच्या तासात उतरून पाहावं. केना सहज उपटला जातो. लव्हाळा वरून ओढला की पात तुटते, जमिनीतली गाठ तशीच राहते आणि थोड्याच दिवसांत पुन्हा फुटते. त्या गाठीखाली खुरप्याचं टोक घालायचं, शेजारच्या कोवळ्या पऱ्हाटीचं मूळ दुखवायचं नाही, आणि हे दिवसभर वाकून, सोबतच्या बायांच्या ओळीबरोबर पुढे सरकत करायचं. हे कौशल्य शिकायलाही वर्षंच लागतात, फक्त त्याचं प्रमाणपत्र कोणी देत नाही.

शिवाय महाराष्ट्रानं हे तत्त्व कायद्यात मानलेलं आहे. १९७७च्या रोजगार हमी कायद्याच्या कामावर बाई आणि पुरुष यांना सारखाच दर धरला गेला. समान मोबदल्याचा केंद्रीय कायदा त्याच्याही आधी, १९७६चा. तरी खासगी वावरात बाईचा रोज आजही पुरुषापेक्षा कमी. निदान जिथं आपण स्वतः नियम लिहितो आहोत, तिथं तरी ही लबाडी शिरू देऊ नये.

वऱ्हाडाची परंपराही हेच सांगते. शेणगावला जन्मलेले गाडगेबाबा गावात गेले की आधी खराटा घेत, काम करत आणि मगच भाकरी घेत. यावलीच्या तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेत श्रमाला संपत्ती मानलं. २०१६ मध्ये वॉटर कप या जलसंधारणाच्या स्पर्धेच्या पहिल्या वर्षी वरूड तालुक्यातल्या गावांनी भर उन्हात चर खोदले. माणसं हातभार लावायला येतात, हे वऱ्हाडाला पटवून द्यावं लागत नाही. पण श्रमदान हे दान असतं, त्याची परतफेड मागायची नसते. ज्या बाईकडे वावरही नाही नि विहीरही नाही, तिनं किती वेळा दान करायचं? तिच्या तासाची नोंद झाली तर तिला मागता येईल: घरावरचे टिन बसवून द्या, पोरीला गणित शिकवा, शिष्यवृत्तीचा अर्ज भरा, सासूला दुचाकीवरून दवाखान्यात न्या. सावडीच्या दारात जी कधी उभी राहू शकली नाही, ती इथं मानानं आत येईल.

हे सुरू करायला नवी संस्था नको. महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे माविम, १९७५ पासून आहे; ‘उमेद’ या सरकारी अभियानाचे बचत गट गावोगाव आहेत. दहा-वीस बायांचा बचत गट, त्याची सचिव, तिची वही आणि ठरलेल्या दिवसाची बैठक, एवढी रचना तयार आहे. संकेतस्थळानं त्या वहीच्या शेजारी बसावं. अनेक घरांत मोबाइल पोराच्या हातात असतो, म्हणून नोंद सचिवानं करावी आणि दर बैठकीत प्रत्येकीचा अधिक-उणे आकडा मोठ्यानं वाचून दाखवावा. सगळ्यांसमोर वाचलेल्या हिशेबात खोट टिकत नाही. उणे खात्याची मर्यादा, समजा, वीस तास. अक्षय तृतीयेला, नवं साल धरताना, सगळ्यांनी खाती शून्याजवळ आणावीत. नोंदींची मालकी गटाची असावी, कंपनीची नव्हे.

एक अडचण मात्र खरी आहे, वाफशाची, म्हणजे पावसानंतर जमीन कामाजोगी होण्याच्या वेळेची. वाफसा आला की सगळ्यांना एकाच वेळी माणसं हवी असतात. पण हलकी बरड जमीन आधी वाफशावर येते, भारी काळी मागून. कोणाचं वावर कुठल्या मातीचं हे एकदा नोंदवलं, तर पाळी लावायला संगणकाचा खरा उपयोग होईल.

एक कुंपण मात्र घट्ट हवं. जो शेतकरी एरवी रोज देऊन बाया लावतो, त्यानं तेच काम तासांवर घेऊ नये. किराणा, औषध, वीजबिल रोखीनंच भरावं लागतं. मजुरणीचा रोज बुडवून तिच्या खात्यात तास लिहिणं ही वेठबिगारी होईल. तास रोजाच्या जोडीला आहेत, रोजाच्या जागी नाहीत.

अमरावतीचं विद्यापीठ गाडगेबाबांच्या नावानं उभं आहे, अकोल्याचं कृषी विद्यापीठ पंजाबराव देशमुखांच्या. दोघांनी मिळून खारपाणपट्ट्यातलं एक गाव निवडावं, संगणकाच्या विद्यार्थ्यांना आणि कृषीच्या विद्यार्थ्यांना एका बैठकीत बसवावं, आणि नियम बचत गटाच्या बायांकडून लिहून घ्यावेत. येत्या उन्हाळ्यात वाळवणाच्या कामांपासून सुरुवात करता येईल. ती देवाणघेवाण आधीच चालू आहे आणि तिचा नियम त्या बायांना पाठ आहे. जुलैत निंदण सुरू होईपर्यंत वही आणि संकेतस्थळ दोन्ही तयार असतील. एका हंगामात ते चाललं, तर शेजारचं गाव स्वतःहून विचारायला येईल.