हबीब तनवीर : नटाची बोली आणि नटाची भाकर

रायपूर शहरातील बूढापारा या जुन्या वस्तीत माधवराव सप्रे यांच्या नावाची शाळा आहे. सप्रे मराठीभाषक होते. पेंड्रा येथून १९०० साली त्यांनी ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले आणि पुढे टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत आणले. छत्तीसगडशी मराठीचा संबंध मात्र त्याहून बराच जुना आहे, आणि तो सर्वस्वी अभिमान बाळगावा असा नाही. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांची सत्ता या मुलखावर आली तेव्हा मराठी येथे प्रथम सारावसुलीची भाषा म्हणून आली. इंग्रजी अमदानीत कारकून, वकील आणि शिक्षक यांच्याबरोबर ती पुन्हा आली. सारा भरणाऱ्या शेतकऱ्याची छत्तीसगढी बोली या सर्व व्यवहारात निमूटपणे ऐकून घेणाऱ्याची बोली राहिली. कचेरीत मराठी, नंतर इंग्रजी. शाळेत आणि छापखान्यात हिंदी. छत्तीसगढी फक्त शेतात, बाजारात आणि रात्रभर चालणाऱ्या नाचामध्ये.

याच रायपूर शहरात १ सप्टेंबर १९२३ रोजी हबीब अहमद खान यांचा जन्म झाला. शायरीसाठी घेतलेल्या ‘तनवीर’ या उपनामानेच पुढे जग त्यांना ओळखू लागले. २०२३ साली त्यांची जन्मशताब्दी झाली. गौरवाच्या भाषणांत आणि लेखांत त्यांना ‘भारताचा ब्रेख्त’ म्हणण्याची जुनी रीत या निमित्ताने पुन्हा पाळली गेली. हे विशेषण वरवर सन्मानाचे दिसते, परंतु ते दिशाभूल करणारे आहे. जणू काही बर्लिनहून एक तयार पद्धती आणली आणि छत्तीसगडच्या खेडुतांना ती शिकवली, असा समज त्याने होतो. प्रत्यक्षात घडले ते याच्या नेमके उलट. डाव्या सांस्कृतिक चळवळीला तनवीर यांच्यापासून काही घ्यावयाचे असेल तर ते या उलट प्रवासातच आहे.

त्यांच्या पूर्वायुष्याची रूपरेषा परिचित आहे. नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून ते १९४४ साली पदवीधर झाले. नंतर काही काळ अलीगढला काढून १९४५ साली मुंबईस आले. आकाशवाणी, चित्रपटविषयक पत्रकारिता, चित्रपटातील लहानमोठी कामे, प्रगतिशील लेखक संघ आणि इप्टा असा त्यांचा मुंबईतील संसार होता. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या ‘राही’ या चित्रपटात त्यांनी भूमिका केली. १९४८ नंतरच्या दडपशाहीत इप्टाचे प्रमुख कार्यकर्ते तुरुंगात गेले तेव्हा मुंबईतील कामाचा मोठा भार त्यांच्यावर पडला. १९५४ साली ते दिल्लीस गेले. तेथे नजीर अकबराबादी या लोककवीच्या काव्याभोवती गुंफलेले ‘आग्रा बाजार’ हे नाटक त्यांनी जामिया मिलियाचे विद्यार्थी आणि ओखला गावचे रहिवासी यांना घेऊन उभे केले. कवी स्वतः रंगमंचावर येतच नाही. काकडी विकणारा, पतंग विकणारा, मदारी यांच्या तोंडून त्याची कविता जिवंत राहते. या नाटकात त्यांच्या पुढच्या सर्व कामाचे बीज आहे.

१९५५ साली ते लंडनच्या रॉयल अकादमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्ट या विख्यात संस्थेत अभिनय शिकण्यास गेले. इंग्रजी रंगभूमीचे आणि इंग्रजी चित्रपटाचे नट जेथे घडत, ती ही टांकसाळ. तेथील शिक्षणाचा मोठा भाग उच्चारांचा होता. आणि उच्चार म्हणजे इंग्लंडमधील सुखवस्तू वर्गाचे उच्चार. परक्या भाषेच्या साच्यात जीभ बसवण्याच्या या कवायतीतून तनवीर यांनी जो निष्कर्ष काढला तो शिक्षकांच्या मनातही नसेल. भाषा बदलली की बोलण्याची लय बदलते, लय बदलली की शरीराची हालचाल बदलते, आणि मग नट स्वतःचा राहत नाही. ते तेथून बाहेर पडले, काही काळ ब्रिस्टलला शिकले आणि नंतर युरोपभर भटकले.

हा प्रश्न केवळ वसाहतीतून आलेल्या परक्या विद्यार्थ्याचा नव्हता. त्याच सुमारास त्याच संस्थेत अल्बर्ट फिनी हा सॅलफर्डचा तरुण शिकत होता. सॅलफर्ड हे उत्तर इंग्लंडमधील कामगारवस्तीचे शहर. फिनीचे वडील शर्यतींच्या पैजा घेण्याचा धंदा करीत. १९६० साली ‘सॅटरडे नाइट अँड संडे मॉर्निंग’ या चित्रपटात नॉटिंगहॅमच्या सायकल कारखान्यातील लेथ चालवणाऱ्या कामगाराची भूमिका त्याने केली. इंग्रजी पडद्यावर कामगार त्यापूर्वीही दिसत असे, पण बहुधा विनोदापुरता किंवा नोकर म्हणून. येथे तो चित्रपटाचा नायक होता आणि आपल्या मुलखाच्या उच्चारांबद्दल त्याने कोणाची क्षमा मागितली नाही. या नटाने पुढे सर हा किताबही नाकारला. म्हणजे ज्या इंग्लंडकडून शुद्ध उच्चारांचा दंडक आपल्याकडील सुशिक्षितांनी डोक्यावर घेतला, त्या इंग्लंडातच तो दंडक वर्गीय होता आणि तेथील कामगारवर्गातून आलेले नट तो मोडू पाहत होते.

१९५६ साली तनवीर बर्लिनला पोहोचले तेव्हा ब्रेख्तच्या मृत्यूला थोडेच दिवस झाले होते. पुढील काही महिने त्यांनी बर्लिनर आन्साँब्लचे प्रयोग पाहिले. १९५८ साली मायदेशी परतल्यावर ते रायपूरला आले आणि उघड्या मैदानात रात्रभर चाललेला नाचा त्यांनी पाहिला. (मराठी वाचकाने येथे तमाशातील ‘नाच्या’ मनात आणू नये. छत्तीसगढीत ‘नाचा’ हे एका पात्राचे नाव नसून संपूर्ण लोकनाट्यप्रकाराचे नाव आहे. त्यात गाणे, नाच, नकला आणि समाजाची टिंगल हे सारे येते.) तेथील ठाकूरराम, मदनलाल, भुलवाराम, लालूराम आदी सहा कलावंतांना त्यांनी दिल्लीस नेले आणि ‘मृच्छकटिका’चा हिंदी अवतार ‘मिट्टी की गाडी’ रंगमंचावर आणला. १९५९ साली पत्नी मोनिका मिश्र यांच्यासह त्यांनी ‘नया थिएटर’ स्थापन केले.

आता यापुढील पंधरा वर्षांकडे बारकाईने पाहिले पाहिजे, कारण गौरवग्रंथ ती घाईने ओलांडतात. ही वर्षे बहुतांशी अडखळण्याची होती. ठाकूररामसारखा नट, ज्याच्यासाठी गावोगावचे लोक पहाटेपर्यंत बसून राहत, तो दिल्लीच्या रंगमंचावर अवघडलेला आणि खोटा दिसे. असे का होते, हे तनवीर यांना कित्येक वर्षे उमगले नाही. अखेर उमगले ते असे : या नटांना ते हिंदीतून बोलावयास लावत होते, आणि लिहितावाचता न येणाऱ्या, तीन बाजूंनी बसलेल्या प्रेक्षकांशी थेट बोलण्याची सवय असलेल्या या माणसांना ते अमुक शब्दावर डावीकडे, तमुक शब्दावर उजवीकडे असे आखून देत होते. लंडनमध्ये इंग्रजांनी त्यांच्या जिभेला आणि पावलांना जे केले होते, तेच ते रायपूरच्या नटांना करीत होते. फरक इतकाच की यावेळी हेतू प्रगतिशील होता. १९७३ साली रायपूर येथे झालेल्या नाचाच्या शिबिरातून ‘गाँव का नाम ससुराल, मोर नाम दामाद’ हे छत्तीसगढी नाटक निघाले. आखणी गेली, हिंदी गेली आणि नट मोकळे झाले. १९७५ साली विजयदान देथा यांनी सांगितलेल्या राजस्थानी कथेवरून ‘चरणदास चोर’ सिद्ध झाले. खरे बोलण्याचे वचन पाळताना प्राण गमावणाऱ्या चोराच्या या नाटकाला १९८२ साली एडिंबरोच्या महोत्सवात पारितोषिक मिळाले. प्रेक्षकांना छत्तीसगढीचा एक शब्द कळत नव्हता, तरीही.

मराठी पक्षसभासदाने येथे थोडे थांबावे. तनवीर यांना जे १९७३ साली गवसले ते मराठी मुलखात १९४४ साली हाताशी होते. त्या वर्षी अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. वाटेगावच्या मातंग कुटुंबातील अण्णाभाऊंना तमाशा कोणा दिग्दर्शकाने शिकवलेला नव्हता. तो त्यांच्या घरचा होता. गिरणगावातील मैदानात कष्टकरी माणूस स्वतःच्या बोलीत, स्वतःच रचलेल्या वगातून, स्वतःसारख्याच माणसांपुढे उभा राहत होता. सत्तरच्या दशकात मराठी रंगभूमीने ब्रेख्त आणि तमाशा यांची सांगड घातली, ती मात्र वेगळ्या वाटेने. ‘अजब न्याय वर्तुळाचा’ आणि ‘तीन पैशाचा तमाशा’ या नाटकांचे मोल कमी नाही. विजया मेहता आणि जब्बार पटेल यांची कामगिरी मोठीच आहे. परंतु तेथे तमाशाची शैली शहरातील नाट्यगृहात आली, तमासगीर आला नाही. बाज घेतला गेला. तो बाज ज्याच्या अंगात होता तो माणूस जत्रेच्या कनातीतच राहिला.

आणि माणूस आला तरी प्रश्न सुटत नाही, कारण माणसाला पोट असते. अण्णाभाऊ १९६९ साली गोरेगावच्या वस्तीत हलाखीत गेले. चळवळीला भरती होती तोवर कलापथकाला मैदान होते. ओहोटी लागली तेव्हा कलावंताचे घर कसे चालावे याची कोणतीही कायम व्यवस्था कोणीच केलेली नव्हती. तनवीर यांनी १९७२ पासून ‘नया थिएटर’ ही पूर्णवेळ व्यावसायिक मंडळी केली. खेड्यातील नटाने नाटक हेच काम म्हणून करावे, ही कल्पना संस्थेच्या दृष्टीने जोखमीची होती. त्याच वर्षी ते राज्यसभेवर नामनियुक्त झाले आणि पुढे पद्म किताबही त्यांनी स्वीकारले. फिनीने नाकारले, यांनी घेतले, म्हणून नाक मुरडणारे त्यावेळी होते. परंतु सरकारी अनुदानाच्या कृपेवर मंडळी चालवणाऱ्या माणसाच्या निवडीचे माप आणि पडद्यावरच्या यशस्वी नटाच्या निवडीचे माप एकच लावणे न्यायाचे नाही.

चित्रपट त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही, पण तेथे त्यांना जे मिळाले ते बहुतेक दुय्यम होते. अॅटनबरो यांच्या ‘गांधी’मध्ये एक छोटी भूमिका, नाना पाटेकर यांच्या ‘प्रहार’मध्ये मुलगा गमावलेला बाप, ‘मंगल पांडे’मध्ये बहादूरशहा जफर. श्याम बेनेगल यांनी १९७५ साली ‘चरणदास चोर’चा चित्रपट केला. त्यात राणीच्या भूमिकेत स्मिता पाटील प्रथम पडद्यावर आल्या आणि चरणदास झाला नाचाचा कलावंत लालूराम. स्मिताबाईंचे पदार्पण म्हणून हा चित्रपट आज सर्वांना आठवतो. लालूरामचे नाव विचारावे लागते. हे कोणा एकाच्या वाईटपणामुळे घडत नाही. प्रसिद्धीची बाजारपेठच तशी रचलेली आहे.

प्रतिगाम्यांनी मात्र तनवीर यांना नेमके ओळखले होते. १९८८ साली सफदर हाश्मी यांच्यासह त्यांनी प्रेमचंदांच्या कथेवरून ‘मोटेराम का सत्याग्रह’ केले; १ जानेवारी १९८९ रोजी साहिबाबादजवळ झंडापूर येथे प्रयोग चालू असता सफदर यांच्यावर प्राणघातक हल्ला झाला आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. तनवीर यांच्या वाट्याला आले ते ‘पोंगा पंडित’ या प्रहसनावरील हल्ले. अस्पृश्यतेची आणि पुजाऱ्याच्या ढोंगाची थट्टा करणारे हे प्रहसन तनवीर यांचे नव्हतेच. ते नाचाच्या कलावंतांनी रचलेले, गावोगाव कित्येक दशके हसत पाहिले गेलेले होते. २००३ साली मध्य प्रदेशात संघ परिवारातील संघटनांनी त्याचे प्रयोग उधळले, खुर्च्या फेकल्या. आक्षेप असा की एक मुसलमान हिंदू धर्माची निंदा करतो. खालच्या मानलेल्या जातींच्या हिंदूंनीच ती थट्टा रचली आहे, हे सत्य त्यांना अडचणीचे होते. वयाची ऐंशी गाठत असलेल्या तनवीर यांनी प्रयोग थांबवले नाहीत.

८ जून २००९ रोजी भोपाळ येथे त्यांचे निधन झाले आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये छत्तीसगडच्या भाजप शासनाने ‘चरणदास चोर’च्या पुस्तकावर बंदी घातली. यावेळी कारण पुढे करण्यात आले ते सतनामी समाजाच्या गुरूंच्या आक्षेपाचे. बंदीचा निषेध योग्यच होता. परंतु निषेधाच्या काही पत्रकांत हा आक्षेप आणि ‘पोंगा पंडित’वरील हल्ले एकाच ओळीत बसवले गेले, ते चुकीचे होते. सतनामी हा जातिव्यवस्थेखाली चिरडला गेलेला आणि घासीदासांच्या शिकवणीतून ताठ उभा राहिलेला दलित समाज आहे. ‘चरणदास’ भिलाईत आकार घेत असताना पंथी गीते आणि पंथी नृत्य याच समाजाकडून नाटकात आले. सत्य हाच ईश्वर मानणाऱ्या सतनाम्यांमुळेच या चोराच्या वचनाला अर्थ मिळाला. अशा समाजातील काहींना नाटकातील शब्द खटकले, तर उत्तर द्यावयाचे ते त्यांच्या वस्तीत बसून, छत्तीसगढीत. दिल्ली-मुंबईच्या सह्यांच्या पत्रकाने शासनाला जाब विचारता येतो, सतनामी शेतमजुराशी बोलता येत नाही. शासनाने मात्र ही चर्चाच होऊ नये अशी सोय बंदीने करून ठेवली.

‘नया थिएटर’चे एक मोठे नट गोविंदराम निर्मलकर यांना २००९ सालीच पद्मश्री मिळाली. जगातील अनेक देशांच्या रंगमंचांवर छत्तीसगढी बोललेला हा कलावंत शेवटची वर्षे राजनांदगाव भागात आजारपण आणि तुटपुंजे निवृत्तिवेतन यांच्याशी झगडत होता. २०१४ साली त्यांचे निधन झाले.