कुलूप भक्कम, पण किल्ली कुठे?

काटोल तालुक्यातल्या माणसाला वर्षभरात बऱ्याच ठिकाणी अंगठा लावावा लागतो. रेशन दुकानातले ई-पॉस यंत्र, बँक मित्राकडून काढायचे पैसे, पीएम-किसानची ई-केवायसी आणि आता आयुष्मान कार्ड. ही माहिती वाटेत कुणी वाचेल का, असे विचारले की ठरलेले उत्तर मिळते : 'सगळे कूटबद्ध असते.' उत्तर खोटे नाही, अर्धवट आहे. कूटबद्ध करणे म्हणजे कुलूप लावणे. मग किल्ली कुठे ठेवली, हा प्रश्न उरतोच.

ऑगुस्त केरखॉफ्स या भाषातज्ज्ञाने 1883 मध्येच सांगून ठेवले होते, की कुलपाची रचना शत्रूला पूर्ण ठाऊक आहे असेच धरून चालावे; गुप्त राहायला हवी ती फक्त किल्ली. आजची कुलपे त्याच तत्त्वावर बनतात आणि ती फोडण्याच्या भानगडीत सहसा कुणी पडत नाही. चोर किल्ली शोधतो. खेड्यात घराला कुलूप लावून किल्ली चौकटीवर ठेवायची पद्धत असते. संगणकाच्या जगात त्याच चौकटीला 'कॉन्फिगरेशन फाइल' म्हणतात. रुग्णांच्या नोंदी कूटबद्ध करायच्या आणि त्या उघडणारी किल्ली त्याच सर्व्हरवर, शेजारच्या फाइलमध्ये, साध्या अक्षरांत लिहून ठेवायची, हा प्रकार अजूनही सर्रास चालतो.

फाइलऐवजी किल्ली संगणकाच्या चालू स्मृतीत ठेवली तरी भागत नाही. एप्रिल 2014 मध्ये उघड झालेल्या 'हार्टब्लीड' या दोषाने ते जगाला दाखवले. 'ओपनएसएसएल' या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरला बाहेरून एक फसवी विनंती पाठवली, की सर्व्हरच्या स्मृतीतला 64 किलोबाइटपर्यंतचा तुकडा हाती पडत असे. अशा तुकड्यांतून खासगी किल्ल्याही बाहेर काढता येतात, हे नंतर सिद्ध झाले. कुलपाच्या गणितात काहीच चूक नव्हती. किल्ली फक्त अशा खोलीत होती, जिच्या खिडकीतून हात घालता येत होता.

म्हणून ती आतल्या खोलीत न्यायची. संगणकप्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, ही ती खोली. लिनक्सच्या गाभ्यात 2004 पासून किल्ल्या सांभाळण्याची स्वतंत्र सोय आहे. कोणती किल्ली कुणी वापरायची, कुणी नुसती पाहायची, किती वेळाने ती आपोआप बाद व्हायची, हे तिथे ठरवता येते. काही किल्ल्या तर अशा ठेवता येतात, की गाभा त्या कामापुरत्या वापरतो, पण बाहेरच्या कुठल्याही प्रोग्रॅमला वाचू देत नाही. बँकेतला रोखपाल तिजोरीतून नोटा आणून देतो, तिजोरीची किल्ली ग्राहकाच्या हातात देत नाही, तसेच हे. 2019 पासून गाभ्याला 'लॉकडाउन' नावाचे बंधनही घालता येते. त्याच्या कडक प्रकारात खुद्द व्यवस्थापकालाही गाभ्यातली गुपिते वाचण्याचे नेहमीचे मार्ग बंद होतात.

मात्र सोय असणे आणि ती चालू केलेली असणे यांत मोठे अंतर आहे. यातल्या बऱ्याच गोष्टी कुणीतरी समजून-उमजून मांडाव्या लागतात. तालुक्याच्या ठिकाणी संगणक बसवणाऱ्याला 'लवकर चालू करून द्या' एवढीच सूचना असते, त्यामुळे ही मांडणी राहून जाते.

आधारच्या बोटांच्या ठशांच्या यंत्रांत हाच फरक दिसतो. 2017 पासून नोंदणीकृत यंत्रे सक्तीची झाली. प्रत्येक यंत्र ठशासोबत आपली डिजिटल सही जोडते, म्हणजे हा ठसा याच यंत्रावर आत्ता घेतला, याची ग्वाही देते. सहीची किल्ली चोरीला गेली, की आधी साठवलेला ठसा ताजा म्हणून खपवण्याची वाट मोकळी होते. यातल्या 'एल-झिरो' दर्जाच्या यंत्रांत सही आणि कूटबद्धीकरण जोडलेल्या संगणकाच्या किंवा फोनच्या प्रणालीत होते. त्या प्रणालीची राखण कच्ची असेल तर किल्लीचीही कच्ची. 'एल-वन' दर्जात हे काम यंत्राच्या आतल्या विलग, सुरक्षित कप्प्यात होते आणि बाहेरच्या प्रणालीला किल्लीपर्यंत पोहोचायचा रस्ताच नसतो. आधार प्राधिकरणाने जुन्या दर्जाची यंत्रे हटवून नव्या दर्जाकडे जायचे ठरवले, ते योग्यच झाले. पासवर्ड फुटला तर बदलता येतो. अंगठा बदलता येत नाही.

आरोग्याच्या नोंदींचेही तसेच आहे. क्षयरोगाचा, एचआयव्हीचा किंवा मानसिक आजाराचा अहवाल एकदा गावात फुटला, की तो परत घेता येत नाही. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात सुरक्षेच्या हलगर्जीपणासाठी 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण दंड नंतर होतो. त्याआधी खरेदीच्या निविदेत एक ओळ हवी : किल्ली कुठे राहील, गाभ्यात, सुरक्षा चिपमध्ये की फाइलमध्ये? 'माहिती कूटबद्ध असावी' एवढ्या वाक्यावर कुठल्याही रुग्णालयाने समाधान मानू नये.

आतली खोली फुकट मिळत नाही, हेही सांगायला हवे. टीपीएम चिपमध्ये बंद केलेली किल्ली संगणक ठरलेल्या स्थितीत सुरू झाला तरच बाहेर येते. मदरबोर्ड बदलला, एखादे अपडेट आडवे गेले, की खऱ्या मालकालाही दार उघडत नाही. 19 जुलै 2024 रोजी 'क्राउडस्ट्राइक'च्या सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे 85 लाख विंडोज संगणक बंद पडले, परदेशातील काही रुग्णालयांना शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. ज्या संगणकांची डिस्क कूटबद्ध होती, त्यांतले बरेच दुरुस्त करायला 48 अंकी पर्यायी किल्ली लागत होती. ती ज्या सर्व्हरवर जपली होती, तोच काही ठिकाणी बंद पडलेला होता.

म्हणजे निविदेत दुसरीही ओळ हवी, पर्यायी किल्ली कुणाकडे राहील याची. कागदावर छापून, सीलबंद पाकिटात, वैद्यकीय अधीक्षकांच्या कपाटात आणि त्याची नोंद रजिस्टरात, एवढे साधे उत्तरही चालेल. बदली झाली की कार्यभारासोबत ते पाकीट नव्या अधिकाऱ्याच्या ताब्यात जाते. ती किल्ली कंत्राटी माणसाच्या मोबाइलमध्ये असेल, तर मार्चअखेर कंत्राट संपल्यावर ती त्याच्यासोबतच जाईल.